अमेरिकन प्रायमरीचे एक्झिट पोल आणि टर्नआउट: आकडे कसे वाचायचे, पायरी पायरीने

२० एप्रिल २०१६, सकाळचे साडेसहा. तिकडे न्यूयॉर्कमधे रात्रीचे नऊ वाजून मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला टीव्हीवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्रायमरीचा एक्झिट पोल झळकला, हिलरी क्लिंटन ५२, बर्नी सँडर्स ४८. इकडे पुण्यात मी चहाचं आधण ठेवून फोन हातात घेतला तर घरच्या ग्रुपवर न्यू जर्सीहून दादाने तोच स्क्रीनशॉट टाकलेला, खाली लिहिलेलं "चुरस आहे गं!". मलाही तसंच वाटलं. चहा होऊन सकाळची कामं आवरेपर्यंत क्लिंटन जिंकल्याचं जाहीर होऊन गेलं होतं आणि शेवटचा निकाल लागला ५८-४२. म्हणजे चार टक्क्यांचं अंतर सोळा टक्क्यांवर गेलं. पुढे कित्येक दिवस लोक घोटाळा झाला म्हणून भांडत होते, पुरावा काय तर तो सकाळचा स्क्रीनशॉट. त्या दिवसापासून हे आकडे नेमके कशासाठी असतात, कसे बनतात, त्यात काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं हे मी नीट शिकून घेतलं. तेच इथे सगळं लिहितेय, कारण दर चार वर्षांनी तेच गैरसमज नव्याने फिरतात आणि आपल्या लोकांत जास्तच फिरतात.

आपल्याकडे जास्त का, तर आपल्याला एक्झिट पोल म्हटलं की "कोणाला किती जागा" एवढंच सुचतं. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक सगळ्यांनी एनडीएला ३५० च्या वर नेऊन ठेवलं होतं, निकाल आला २९३, त्यामुळे आपल्या डोक्यात एक्झिट पोल म्हणजे बरोबर आला किंवा फसला, बास. अमेरिकेतल्या एक्झिट पोलचं मुख्य काम जागा सांगणं नाहीच. कोण मतदानाला आलं, त्यांचं वय काय, शिक्षण काय, कुठला मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटला, कधी ठरवलं, हे सांगणं हे त्याचं काम. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

पायरी १: आधी त्या राज्याचे नियम बघा, आकडे नंतर

हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आणि तिथे कोणाला मत देता येतं हे राज्यागणिक बदलतं. न्यूयॉर्कमधे क्लोज्ड प्रायमरी, म्हणजे त्या पक्षात नाव नोंदवलेला माणूसच मत देणार. आणि नोंदणी बदलायची मुदत तेव्हा इतकी आधी होती की एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी ऑक्टोबर २०१५ मधेच बदल करावा लागत होता. ट्रम्प यांच्या स्वतःच्या मुलांची, इव्हांका आणि एरिक यांची, ती मुदत चुकली आणि त्यांना वडिलांना मत देता आलं नाही. (नंतर न्यूयॉर्कने मुदत पुढे आणली.) न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. व्हर्जिनियात पक्षनोंदणीच नाही, कोणीही कुठल्याही एका प्रायमरीत मत देऊ शकतो. न्यू हॅम्पशायरमधे मधला प्रकार, तिथे "अनडिक्लेअर्ड", म्हणजे कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले, मतदार खूप आहेत आणि त्यांना दोन्हीपैकी कुठलीही एक मतपत्रिका घेता येते, पण नोंदणीकृत डेमोक्रॅटला रिपब्लिकन प्रायमरीत जाता येत नाही, त्याला काही महिने आधी नोंद बदलावी लागते.

आता याचा आकड्याशी संबंध बघा. २३ जानेवारी २०२४ ला न्यू हॅम्पशायरच्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प साधारण ५४ टक्के, निकी हेली ४३ टक्के. नुसतं एवढं बघितलं तर वाटतं हेली फार मागे नाहीत, लढत आहे. पण एक्झिट पोलमधे नोंदणीकृत रिपब्लिकन मतदार वेगळे काढले तर त्यातले जवळपास तीन चतुर्थांश ट्रम्पकडे होते, हेलींचा भार अनडिक्लेअर्ड मतदारांवर होता. पुढच्या बऱ्याच राज्यांत अनडिक्लेअर्ड लोकांना दारच उघडं नव्हतं किंवा ते संख्येने कमी होते. म्हणजे ४३ या आकड्यात पुढच्या राज्यात नेता येण्यासारखं फार थोडं होतं. हे कळायला नियम आधी माहीत असावा लागतो.

अजून एक बारीक गोष्ट. एक्झिट पोलमधे पक्षाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात, "तुमची नोंदणी कुठली" आणि "तुम्ही स्वतःला काय समजता". टेबलात "इंडिपेंडंट" असं दिसलं की कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते वरची ओळ वाचून बघायचं. नोंदणीने रिपब्लिकन असलेला माणूस स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतोच की. ही दोन टेबलं एकमेकांत मिसळून लिहिलेले लेख मी चांगल्या चांगल्या लोकांचे वाचलेत.

आणि कॉकस असेल, म्हणजे पक्षाच्या सभेला जमून उमेदवार निवडायचा प्रकार, आयोवासारखं, तर तिथे एक्झिट पोल नसतो, एंट्रन्स पोल असतो, म्हणजे लोक आत जाताना विचारतात. आत गेल्यावर भाषणं होतात, मन बदलू शकतं. ते तसंच धरायचं.

पायरी २: आकडा कुठून आला ते ओळखा

२०२४ पर्यंत दोन मोठे प्रकार होते. एक, एडिसन रिसर्च ही कंपनी एबीसी, सीबीएस, सीएनएन आणि एनबीसी या वाहिन्यांच्या नॅशनल इलेक्शन पूल या गटासाठी करायची तो. (आपल्या लोकांना एडिसन म्हटलं की जर्सीतलं ते इडली-डोशाचं आणि मराठी मंडळाचं एडिसन आठवतं, कंपनीचा त्या गावाशी संबंध नाही, तिचं ऑफिस मात्र जर्सीतच, सॉमरव्हिलला आहे.) दुसरा, एपी ही वृत्तसंस्था आणि नॉर्क ही संशोधन संस्था यांचा व्होटकास्ट. एपी आणि फॉक्स २०१७ मधे त्या पूलमधून बाहेर पडले आणि २०१८ पासून व्होटकास्ट सुरू झाला. व्होटकास्टमधे मतदान केंद्राबाहेर कोणी उभं नसायचं, मतदानाच्या आधीच्या काही दिवसांपासून मतदान संपेपर्यंत फोन, ऑनलाइन असं नोंदणीकृत मतदारांना विचारायचे. त्यामुळे दोघांच्या टेबलात तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर दचकायचं नाही, आणि एकाचा २०१६ चा आकडा दुसऱ्याच्या २०२४ च्या आकड्याशेजारी ठेवून "बघा किती बदल झाला" असं तर अजिबातच करायचं नाही.

केंद्राबाहेरचा पोल कसा होतो हे डोळ्यासमोर आणा म्हणजे त्याची ताकद आणि कमजोरी दोन्ही कळते. राज्यातली काही डझन मतदान केंद्रं निवडलेली असतात. दाराबाहेर एक माणूस क्लिपबोर्ड घेऊन उभा, दर तिसऱ्या किंवा पाचव्या किंवा जो काही क्रम ठरला असेल त्या मतदाराला थांबवतो आणि पाठपोट छापलेली प्रश्नावली हातात देतो, मतदार ती स्वतः भरतो, घडी घालून डब्यात टाकतो. जो नाही म्हणतो त्याचं अंदाजे वय, स्त्री की पुरुष, वंश हे नुसतं बघून टिपून ठेवतात, कारण नाही म्हणणारे बरेच असतात, साधारण निम्म्याच्या आसपास. दिवसातून दोन-तीनदा तो माणूस फोन करून आकडे कळवतो. म्हणजे सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, संध्याकाळचा आकडा अशा लाटा असतात. सकाळी नऊला निवृत्त मंडळी येतात, संध्याकाळी कामावरून सुटलेले, त्यामुळे दुपारचा आकडा हा अर्धा शिजलेला भात आहे.

पोस्टाने किंवा आधीच मत देऊन टाकलेल्यांचं काय? त्यांना फोनवर विचारून ते आकडे यात मिसळतात. ऑरेगॉनसारख्या राज्यात जिथे सगळं मतदान पोस्टाने होतं तिथे दाराबाहेर उभं राहायला दारच नाही. आणि आधी मत देणाऱ्यांचा एक वेगळा घोळ असतो. ३ मार्च २०२० च्या सुपर ट्यूसडेला (एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत प्रायमरी असतात तो दिवस) बुटजेज आणि क्लोबुशार हे डेमोक्रॅटिक उमेदवार एक-दोन दिवस आधीच बाहेर पडले होते, तरी कॅलिफोर्नियात त्यांना भरपूर मतं दिसली, कारण ती पाकिटं आधीच गेली होती. ती मतं म्हणजे दहा-पंधरा दिवसांपूर्वीची हवा.

पायरी ३: कोणत्या वेळेचा आकडा आहे ते टिपून ठेवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर.

एक्झिट पोलचा एक आकडा नसतो, तोच आकडा रात्रभर बदलत राहतो. मतदान संपताना जो दिसतो तो नुसता मुलाखतींवरचा. मग खरी मतमोजणी येऊ लागते आणि पोलच्या आकड्यांना खऱ्या निकालाच्या मापात बसवत नेतात, वजनं, म्हणजे कुठल्या गटाची उत्तरं किती धरायची ते, बदलतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच पान उघडलं तर पोलमधला निकाल आणि खरा निकाल तंतोतंत जुळलेला असतो. तो पोल "बरोबर आला" म्हणून नाही, जुळवून घेतलेला असतो म्हणून. यात लपवाछपवी काही नाही, वयोगट-शिक्षण-वंश हे तपशील जास्त खरे व्हावेत म्हणून हे करतात, पण ज्याला हे माहीत नाही तो रात्रीचा स्क्रीनशॉट आणि सकाळचं पान शेजारी ठेवतो आणि म्हणतो बघा आकडे बदलले.

न्यूयॉर्कच्या ५२-४८ चं हेच झालं. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधेही पहिल्या आकड्यात सँडर्स पुढे दिसत होते आणि निकाल क्लिंटन यांच्या बाजूने जेमतेम दीड टक्क्याने लागला. दोन्हीकडे चूक एकाच दिशेला. २००८ च्या प्रायमऱ्यांतही पहिले आकडे बऱ्याच राज्यांत ओबामांना खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होते. २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत दुपारी केरी पुढे असल्याचे आकडे फुटले होते आणि जिंकले बुश, त्यावर पोल करणाऱ्या एडिसन आणि मिटॉफस्की या कंपन्यांनी जानेवारी २००५ मधे स्वतःच सविस्तर अहवाल काढला. त्यातलं मुख्य कारण साधं होतं, केरीचे मतदार थांबून प्रश्नावली भरायला जास्त तयार होते. आणि चूक जास्त कुठे, तर जिथे विचारणारा तरुण होता आणि जिथे त्याला दारापासून लांब उभं केलं होतं तिथे. तरुण मुलाने थांबवलं तर तरुण मतदार थांबतो, आजोबा हात हलवून पुढे जातात. म्हणून ज्या उमेदवाराचे समर्थक तरुण आणि उत्साही, त्याचा पहिला आकडा दोन-चार टक्के फुगलेला असू शकतो हे मनात धरूनच बघायचं. सँडर्स, ओबामा, दोघांच्या बाबतीत तेच.

दुपारी फुटलेले आकडे तर सोडूनच द्या. पाच वाजेपर्यंत (पूर्वेकडची वेळ, आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेतीन) ते आकडे बघणाऱ्या लोकांना एका खोलीत फोन काढून घेऊन बसवतात. त्याआधी ग्रुपवर आलेला कुठलाही "लीक" आकडा मी उघडूनही बघत नाही. आणि राज्यातलं मतदान संपायच्या आत कोण जिंकतंय याचा अंदाज वाहिन्या सांगत नाहीत. आपल्याकडे शेवटचा टप्पा होईपर्यंत कायद्याने बंदी आहे तशी तिथे कायद्याची बंदी नाही, १९८० मधे एनबीसीने पश्चिमेकडे मतदान चालू असतानाच सव्वाआठला रेगन जिंकल्याचं सांगून टाकलं, त्यावर ओरड झाली, संसदेत सुनावण्या झाल्या आणि मग १९८५ मधे वाहिन्यांनी आपणहून तसं कबूल केलं.

पायरी ४: टेबलातून एकूण निकाल स्वतः काढा

मतदान संपताक्षणी बऱ्याचदा थेट "अमुक इतके टक्के" असं देत नाहीत, पण गटवार टेबलं देतात. त्यातून एकूण काढता येतो, आठवीच्या गणिताएवढंच आहे. प्रत्येक गटाचा मतदारांतला हिस्सा गुणिले त्या गटातलं उमेदवाराचं मत, सगळ्यांची बेरीज.

साउथ कॅरोलिना, २९ फेब्रुवारी २०२०, डेमोक्रॅटिक. मतदारांत कृष्णवर्णीय सुमारे ५६ टक्के, त्यातले ६१ टक्के बायडनना. गोरे सुमारे ४० टक्के, त्यातले ३३ टक्के बायडनना. तर ०.५६ गुणिले ६१ म्हणजे ३४, आणि ०.४० गुणिले ३३ म्हणजे १३, झाले ४७, उरलेल्या चार टक्क्यांतून एखाद-दीड टक्का, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस. खरा निकाल ४८.७. इतकं जुळलं कारण हे शेवटचे, जुळवून घेतलेले आकडे आहेत. हेच गणित मतदान संपतानाच्या टेबलावर केलं की जो आकडा येतो तो कच्चा, आणि दोन्हीतला फरक म्हणजे त्या दिवशी पोल किती सरकलेला होता त्याचं माप. मी वहीत दोन्ही लिहून ठेवते.

गणिताचा खरा फायदा पुढे आहे. हिस्सा बदलून बघा. याच मतदारांत कृष्णवर्णीय ५६ च्या जागी ३० टक्के असते आणि गोरे ६६, तर? ०.३० गुणिले ६१ म्हणजे १८, ०.६६ गुणिले ३३ म्हणजे २२, वर एखाद-दीड, एकेचाळीस-बेचाळीस. म्हणजे उमेदवार तोच, प्रत्येक गटातली लोकप्रियता तीच, फक्त आलेल्या माणसांची मिसळ बदलली तर सात टक्के गेले. इथे एक्झिट पोल आणि टर्नआउट, म्हणजे किती टक्के लोक मतदानाला आले ते, एकमेकांना भेटतात. "कोणाला किती" यापेक्षा "कोण किती आले" हा प्रश्न प्रायमरीत जास्त वजनाचा असतो, कारण प्रायमरीला मुळात लोक कमी येतात आणि मिसळ सहज हलते.

२००८ चं न्यू हॅम्पशायर आठवा. आधीच्या सर्वेक्षणांत ओबामा सरासरीने चांगले पुढे, आणि जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६.५. पाच दिवस आधी आयोवात महिलांची मतं ओबामांकडे जास्त गेली होती, न्यू हॅम्पशायरमधे मतदारांत ५७ टक्के महिला आणि त्यात क्लिंटन बारा टक्क्यांनी पुढे. इथे हिस्सा आणि कल दोन्ही एकदम हलले.

पायरी ५: छोट्या गटांवर उड्या मारू नका

पंधराशे मुलाखती ऐकायला भरपूर वाटतात. त्यात ३० वर्षांखालचे समजा १३ टक्के, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर. त्यातल्या तरुणी घेतल्या तर शंभर. शंभरावर इकडेतिकडे दहा टक्के असंच चालतं, आणि एक्झिट पोलमधे मुलाखती मोजक्या केंद्रांवरून येत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. एकाच केंद्रावरचे लोक एकमेकांसारखे असतात, सोसायटीत एका विंगमधले वीस जण विचारले तर वीस वेगळी मतं मिळत नाहीत तसंच. "एशियन" हा गट तर बऱ्याच राज्यांत इतका छोटा असतो की टेबलात आकडाच देत नाहीत. त्यामुळे "भारतीय मतदारांनी अमुकला साथ दिली" असं प्रायमरीच्या एक्झिट पोलवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर मुलाखती किती होत्या ते विचारा.

कारणांच्या प्रश्नांचंही तसंच. साउथ कॅरोलिनात मतदानाच्या तीन दिवस आधी खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा जाहीर केला, एक्झिट पोलमधे तो महत्त्वाचा वाटला म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याचा परिणाम झाला असं मलाही वाटतं, पण त्या उत्तरात आधीपासूनच बायडनकडे असलेलेही आले, ते "हो, महत्त्वाचा" म्हणणारच ना. त्यापेक्षा "कधी ठरवलं" हा प्रश्न मला जास्त आवडतो, तिथे शेवटच्या काही दिवसांत ठरवणारे आणि आधी ठरवलेले वेगळे दिसतात. सुपर ट्यूसडेला उशिरा ठरवणारे बायडनकडे वळले आणि आधी ठरवलेल्यांत सँडर्स टिकून होते, हे त्या एका टेबलात स्वच्छ दिसत होतं.

पायरी ६: टर्नआउट, भागाकारात खाली काय आहे ते बघा

टर्नआउट म्हणजे भागाकार आहे, वर आलेले मतदार आणि खाली एकूण मतदार, आणि भांडणं सगळी खालच्या आकड्यावरून होतात. नोंदणीकृत मतदार, अठरा वर्षांवरचे सगळे, की मत द्यायला पात्र असलेले? फ्लोरिडा विद्यापीठातले प्राध्यापक मायकल मॅकडॉनल्ड हे वर्षानुवर्षं पात्र मतदारांवर काढतात आणि तेच सगळ्यात बरं. कारण आपल्यालाच पटेल बघा, एडिसन, जर्सी सिटी, फ्रीमाँट इथे एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेली आपली केवढी मंडळी आहेत, कर भरतात, अठरा वर्षांच्या वरची आहेत, पण मत देऊ शकत नाहीत. त्यांना खाली धरलं तर न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास इथला टर्नआउट उगाच पडलेला दिसतो. दादाला नागरिकत्व मिळेपर्यंत कितीतरी वर्षं तोही त्या खालच्या आकड्यात फुकट मोजला जात होता.

एकूण अंदाज हवा म्हणून, प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या हिशोबाने २०१६ च्या दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून पात्र मतदारांपैकी २८.५ टक्के आले, २००८ मधे ३०.४. आणि ही दोन्ही वर्षं भरघोस मानली जातात. म्हणजे दहातले तीन.

"विक्रमी मतदान" या मथळ्यावर तर लगेच थांबायचं. न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत २००८ मधे सुमारे २ लाख ८८ हजार, २०२० मधे सुमारे ३ लाख, विक्रम मोडला म्हणून बातम्या. पण बारा वर्षांत पात्र मतदार वाढले, त्यांच्या टक्केवारीत २००८ च पुढे होतं. शिवाय २००८ ला दोन्हीकडे लढत होती, २०२० ला रिपब्लिकन बाजूला ट्रम्पना खरं आव्हान नव्हतं म्हणून अनडिक्लेअर्ड लोकांना जायला लढतीचं एकच दार होतं. साउथ कॅरोलिनाच्या रिपब्लिकन प्रायमरीत २०१६ ला सुमारे ७ लाख ४० हजार आणि २०२४ ला साधारण साडेसात लाखांच्या थोडे वर, हाही विक्रम, पण मधल्या आठ वर्षांत ते राज्य किती वाढलंय.

उलटही होतं. त्याच साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक प्रायमरीला २०२० मधे सुमारे ५ लाख ४० हजार आणि फेब्रुवारी २०२४ मधे सुमारे १ लाख ३१ हजार, लगेच "बायडन यांचे मतदार घरी बसले" सुरू. अहो, २०२० ला सात-आठ जणांची खरी लढत होती, २०२४ ला निकाल आधीच माहीत होता. लढतीची तुलना लढतीशी करायची. व्हर्जिनियात २०१६ ला डेमोक्रॅटिक प्रायमरीत ७ लाख ८५ हजार आणि २०२० ला १३ लाखांच्या वर, त्यात खरा उत्साह होताच, पण २०२० ला तिथे रिपब्लिकन प्रायमरीच झाली नाही आणि प्रायमरी सगळ्यांना खुली, हेही त्यात आलं. आणि आयोवात रिपब्लिकन कॉकसला जानेवारी २०२४ ला १ लाख १० हजार आले, २०१६ ला १ लाख ८७ हजारांच्या आसपास होते. त्या रात्रीची थंडी हाडं गोठवणारी होती, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून उत्साह कमी झाला म्हणणं मला पटत नाही, आणि थंडीमुळेच कमी झालं असंही सिद्ध होत नाही, कारण लढतही एकतर्फीच दिसत होती.

टक्के आणि प्रत्यक्ष मतं दोन्ही का बघायची याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मिशिगन. (आपले बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून खासदार आहेत तेच राज्य, तेही २०२२ मधे अशाच गर्दीच्या प्रायमरीत तीस टक्क्यांहून कमी मतांवर जिंकून पुढे गेले.) २७ फेब्रुवारी २०२४ ला बायडन यांच्या गाझा धोरणाच्या निषेधात डेमोक्रॅटिक प्रायमरीत लोकांनी मतपत्रिकेवर "अनकमिटेड" (म्हणजे कुठल्याच उमेदवाराला नाही) निवडलं, १३ टक्के. बायडन यांच्या बाजूचे म्हणाले त्यात काय, २०१२ ला ओबामांच्या वेळीही जवळपास ११ टक्के होते. बरोबर आहे, पण २०१२ चे ते ११ टक्के म्हणजे सुमारे २१ हजार मतं होती आणि २०२४ चे १३ टक्के म्हणजे १ लाखाच्या वर. टक्के जवळजवळ तेच, माणसं पाचपट. आणि ती माणसं कुठली, तर अरब अमेरिकन वस्तीच्या डिअरबॉर्नमधे अनकमिटेड चक्क बायडन यांच्या पुढे होतं. एवढं बघायला एक्झिट पोल लागतच नाही, गावनिहाय निकाल पुरतो, आणि तो पोलपेक्षा पक्का असतो.

मग प्रायमरीचा टर्नआउट बघून नोव्हेंबरचं सांगता येतं का? नाही. १९८८ ला डेमोक्रॅटिक प्रायमऱ्यांत साधारण २ कोटी ३० लाख मतं, रिपब्लिकनमधे १ कोटी २० लाख, आणि नोव्हेंबरमधे थोरल्या बुश यांनी ४० राज्यं जिंकली. २००८ ला डेमोक्रॅटिक बाजूला जास्त आले आणि जिंकलेही तेच. कुठली बाजू जास्त चुरशीची होती एवढंच त्यातून कळतं.

पायरी ७: निकालाच्या रात्री, म्हणजे आपल्या पहाटे

घड्याळ आधी जमवा. साउथ कॅरोलिनाचं मतदान तिकडच्या सातला संपतं म्हणजे फेब्रुवारीत आपल्याकडे पहाटे साडेपाच, मार्चमधे तिकडची घड्याळं पुढे सरकली की तासभर आधी. मिशिगनचे चार काउंटी वेगळ्या वेळेत आहेत म्हणून बहुतेक राज्य आठला संपलं तरी निकाल नऊच्या आधी जाहीर करत नाहीत.

मतदान संपताक्षणी जाहीर झालं, जसं साउथ कॅरोलिनात २०२० ला बायडन आणि २०२४ ला ट्रम्प, तर अंतर मोठं आहे असं समजा. जाहीर झालं नाही तर शब्द ऐका, "टू अर्ली" म्हणजे माहिती कमी आहे, "टू क्लोज" म्हणजे बरीच मतं बघितली तरी अंतर बारीक आहे. न्यूयॉर्कच्या त्या सकाळी हाच फरक मी ऐकला नव्हता.

कॅलिफोर्नियात तर त्या रात्रीचा टर्नआउट लिहूनच घेऊ नका. पोस्टाची पाकिटं नंतरही येत राहतात आणि मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. २०१६ ला क्लिंटन यांची आघाडी पहिल्या रात्री बारा-तेरा टक्क्यांची होती, शेवटी सात झाली.

डेलिगेटचं, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींचं, गणित वेगळंच असतं, ते इथे फार काढत नाही, फक्त एवढं धरा की डेमोक्रॅटमधे १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर शून्य, आणि वाटप मतदारसंघवार. २००८ ला टेक्सासची प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, पण तिथे कॉकसही होतं आणि सगळं मिळून डेलिगेट ओबामांना जास्त.

पायरी ८: महिन्यांनी परत या

राज्याचा अधिकृत निकाल लागल्यावर तुमच्या वहीतले पहिल्या रात्रीचे आकडे आणि शेवटचे आकडे समोरासमोर ठेवा. त्याच्याही नंतर मतदारयाद्यांत कोणी मत दिलं आणि कोणी नाही याची नोंद येते, ती एक्झिट पोलपेक्षा कितीतरी भरवशाची. फरक केवढा पडू शकतो ते २०१६ च्या नोव्हेंबरचं बघा, एक्झिट पोल म्हणत होता मतदारांत पदवीधर ५० टक्के, प्यूने याद्यांशी पडताळून काढलं तर ३७. पदवीधर माणूस प्रश्नावली भरायला जास्त तयार असतो, एवढीच गोष्ट, पण त्या ५० च्या भरवशावर वर्षभर लेख लिहिले गेले.

माझ्या वहीत दर प्रायमरीला एक पान असतं. वर राज्य, तारीख, खुली की बंद, दुसऱ्या पक्षाची लढत त्या दिवशी आहे की नाही. खाली पोल कोणाचा, किती मुलाखती, आपल्या घड्याळाने किती वाजताचा आकडा. मग मोठ्या चार गटांचे हिस्से, फक्त चारच. मग मतं, लाखांत, आणि शेजारी चार आणि आठ वर्षांपूर्वीची, तेव्हा लढत होती का ते कंसात. दादाने मागच्या वेळी, फेब्रुवारी २०२४ मधे, साउथ कॅरोलिनाचा स्क्रीनशॉट टाकला तेव्हा खाली स्वतःहूनच लिहिलेलं, "५:३२ चा आहे, कच्चा".